टोमण्याची समाधी

आमच्या आंबेगाव-जुन्नर भागात कोण कुणाशी बोलत नाही हे विचारावं लागत नाही. बांध पाहिला की कळतं. दोन्ही अंगांनी कोरत कोरत इतका बारीक केलेला असतो की त्यावरून मुंगूसही सरळ चालेना. आणि अलीकडे-पलीकडे राबणारी माणसं एकाच आडनावाची. मोजणी होते, खुणा गाडल्या जातात, एका पावसाळ्यात त्या खुणा ‘सरकतात’, आणि घोडेगावच्या कोर्टातल्या तारखा चालू राहतात. वादातला तुकडा विकला तरी वकिलाची फी निघणार नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं. तरी कुणी मागे हटत नाही, कारण कधीतरी एकाने दुसऱ्याला चारचौघांत काहीतरी सुनावलेलं असतं. हातभर जमीन माणूस एखाद्या वेळी सोडून देईल, टोमणा त्याच्याने सोडवत नाही.

अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतं, “जरा बाहेर जाऊन या, डोकं शांत होईल.” जायला जागांची वानवा नाही. मंचरच्या स्टँडवर सकाळी उभं राहिलं की एका दिशेला भीमाशंकर, दुसरीकडे ओझर, लेण्याद्री, शिवनेरी, आणखी पुढे नाणेघाट. माणूस जातोही. आणि लेण्याद्रीच्या पायऱ्या चढता चढता, धाप लागलेली असताना, वकिलाला फोन लावतो. फिरून आलेला माणूस दमलेला असतो, निवलेला नसतो. जागा बदलली की मन बदलतं, हे पर्यटनाच्या जाहिरातीत ठीक आहे.

पण याच रस्त्यावर एक जागा आहे जिच्याकडे फारसं कुणी डोकं शांत करायला जात नाही. मंचरहून नाशिककडे निघालं, नारायणगाव मागे टाकलं, की आळेफाटा लागतो. फाटा सगळ्यांना माहीत. कल्याण-नगर रस्ता इथेच पुणे-नाशिक रस्त्याला छेदतो, गाड्या बदलायच्या त्या इथे. ज्या गावावरून फाट्याला नाव पडलं ते आळे मात्र अनेकांच्या खिडकीतून नुसतंच निघून जातं. तिथे एका रेड्याची समाधी आहे. संतांच्या समाध्या महाराष्ट्रात पावलोपावली. जनावराला इतक्या मानाने मातीत ठेवलेलं ठिकाण विरळा.

गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले म्हणून आळंदीने घर वाळीत टाकलं. प्रायश्चित्त म्हणून आईबापांनी देह ठेवला, तरी पोरांच्या मागचं ‘संन्याशाची पोरं’ हे शेपूट सुटलं नाही. मग चारही भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणला निघाली. आजच्या रस्त्याने मोजलं तर दोनशे किलोमीटरच्या आसपासची वाट, अनोळखी मुलूख, आणि चौघांतला एकही धड मोठा नाही. पैठणात नाव विचारलं गेलं. ज्ञानदेव म्हटल्यावर कुणीतरी पखाल वाहणाऱ्या रेड्याकडे बोट दाखवलं: नावात काय आहे, त्याचंही नाव ज्ञाना! त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही, असं उत्तर आल्यावर रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले आणि वळ उठले ते ज्ञानदेवांच्या पाठीवर. पुढे रेड्याने वेद म्हटले.

रेडा बोलला की नाही, यावर आपण शतकानुशतकं वाद घातला. मला त्या चमत्कारापेक्षा त्यानंतरचं पाऊल अधिक अवघड वाटतं. काम झालं होतं, पैठणकरांनी मान तुकवली होती. रेडा तिथेच सोडून निघायला काय हरकत होती? परंपरा सांगते की तो भावंडांबरोबर निघाला. पैठणहून नेवासे, नेवाशाहून पुढे, थेट आळ्यापर्यंत. दीडशे किलोमीटरहून अधिक. ज्या जनावराकडे बोट दाखवून भर सभेत अपमान केला, तेच रोज सकाळी उठल्यावर समोर. त्याला पाणी दाखवायचं, चाऱ्याची सोय पाहायची. अपमान विसरायचा असता तर ही सोबत कुणी ठेवली नसती. त्यांनी टोमणाच सोबत घेतला आणि तो चालता चालता घरातला झाला. आळ्याला रेड्याने प्राण सोडला तेव्हा त्याला आपल्या माणसासारखी समाधी दिली.

मधल्या नेवाशाच्या मुक्कामात, शके १२१२ म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगून झाली. सुमारे नऊ हजार ओव्या. जन्मभराचा हिशेब चुकता करायला एवढी जागा पुष्कळ होती. वय पंधरा, शब्द हाताशी, ऐकणारे समोर. आळंदीबद्दल, पैठणबद्दल तक्रारीचा शब्द त्यात सापडत नाही. सोळाव्या अध्यायात दैवी गुण सांगताना ते क्षमेपाशी येतात आणि फार वेळ घेत नाहीत. देह अंगावरचे केस वाहतो, पण वाहतो आहे हे त्याला ठाऊकही नसतं; तसं सगळं सोसून ज्याला सोसल्याचा गर्व चढत नाही त्याची ती क्षमा, असा त्याचा भावार्थ. इथे आमची दांडी उडते. आमच्याकडे भाऊबंदकी मिटली तरी लग्नाच्या पंगतीत ऐकू येतंच, “मी मोठ्या मनाने सोडून दिलं म्हणून, नाहीतर दाखवला असता.” म्हणजे केस मोजणं चालूच.

ज्ञानदेवांना हे सगळं सहज जमलं असंही कुणी समजू नये. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ते एकदा झोपडीची ताटी लावून आत बसले होते, आणि धाकट्या मुक्ताईला बाहेर उभं राहून समजूत घालावी लागली. ताटीचे अभंग त्या प्रसंगाचे. ज्याच्याकडे आपण क्षमेचं माहेर म्हणून पाहतो, त्यालाही दार लावून घ्यावंसं वाटलं. हे मला फार धीराचं वाटतं.

आळ्याहून ती भावंडं परत गेली ती आळंदीलाच. आजचा रस्ता धरला तर नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण, आणि मग आळंदी. पैठणला माफ करणं त्या मानाने सोपं. तिथल्या माणसांचं तोंड पुन्हा बघायचं नव्हतं. प्रवासात मन मोठं होतं ते बरेचदा याच कारणाने. परक्या गावातल्या माणसाशी आपला बांध लागून नसतो. आळंदीत मात्र तेच शेजार, तीच नदी, तेच विसोबा.

विसोबा चाटी हा या भावंडांचा द्वेष करणारा माणूस. मुक्ताईला मांडे भाजायला गावात खापर मिळू नये अशी व्यवस्था त्याने केली. तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी पेटवला आणि मुक्ताईने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले, अशी कथा आहे. लपून पाहणारा विसोबा ते पाहून हादरला, धावत आला आणि त्यांचं उष्टं खाऊ लागला. यातला पुढचा भाग सहसा कुणी रंगवून सांगत नाही. ज्ञानदेवांनी त्याला लगेच मिठी मारली नाही. खेचरा, दूर हो, असं झिडकारलं. क्षमा म्हणजे समोरच्याचं सगळं गोड मानून घेणं, असा समज असेल तर तो इथे मोडतो. आणि विसोबांनी ते झिडकारणं मनात धरलं नाही. ‘खेचर’ हेच नाव लावून ते उरलेलं आयुष्य जगले.

पुढे गोरोबाकाकांनी कच्चं मडकं ठरवलेल्या नामदेवांना गुरू शोधत औंढ्या नागनाथाला जावं लागलं. तिथे महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून एक म्हातारा निजलेला होता. ते विसोबा खेचर. नामदेव तिथून किती दूर गेले हे सांगायला नको. पंजाबात घुमानला त्यांचं स्थान आहे, शिखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची पदं आहेत, आणि २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरवायला आपण त्याच घुमानला गेलो. आळंदीने खापर नाकारणाऱ्या माणसाला कायमचं वाळीत टाकलं असतं, तर न्यायाला धरूनच झालं असतं. वाळीत टाकण्याची त्या गावाला सवयही होती.