मोरीच्या पलीकडे

बाळापूरच्या किल्ल्याला मन आणि म्हैस या दोन नद्यांनी कवेत घेतले आहे. संगमानंतर मन पूर्णेस मिळते, पूर्णा चांगदेवपाशी तापीस, आणि तापी सुरतेजवळ समुद्रास. आपल्या मोरीतून सकाळी निघणारे फेसाळ पाणी जमिनीत मुरले तर कुणाच्या तरी विहिरीत, वाहिले तर याच वाटेने जाते. भांडे लख्ख झाले म्हणून घाण संपली असे आपण समजतो. वस्तुतः तिने केवळ घर बदललेले असते. मग आमच्या स्वच्छतेचा भार आम्ही कुणावर टाकावा, हा प्रश्न नीतीचाच आहे.

वऱ्हाडात तो अधिक अवघड होतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे. दुष्फेन पाण्यात साबणाचा फेस होत नाही, नुसता पांढरट साका बसतो. डिटर्जंट मात्र अशा पाण्यातही फेस देते. तेव्हा इथल्या गृहिणीने पावडर जवळ केली, ती जाहिरातीला भुलूनच, असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. पण काही पावडरींतील फॉस्फेट साचलेल्या पाण्यात शेवाळ माजवते. ते शेवाळ कुजले की पाण्यातील प्राणवायू सरतो आणि मासे मरतात.

आपल्या आज्यांकडे दोन साधने होती. पहिले चुलीची राख. तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट असते, ते तेलकटपणा कापते. अॅल्युमिनियमच्या भांड्यांस मात्र ती खाते. शिवाय घरोघरी गॅस आल्यावर राख आणायची कोठून? (शहरांत ती आता पाकिटात विकत मिळते. काळाचा विनोदच म्हणायचा!) दुसरे साधन रिठा. दहा-बारा रिठे फोडून, बिया काढून, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावे; सकाळी उकळून, चोळून गाळावे. त्यातील सॅपोनिनचा फेस जड पाण्यातही फारसा मोडत नाही. हे पाणी लवकर आंबते, म्हणून तीन-चार दिवसांपुरतेच करावे. तांब्या-पितळेला चिंच आहेच. तिचे आम्ल धातूवरचा काळा थर विरघळवते.

इथे थोडे सावध राहिले पाहिजे. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निर्विष’ असे समीकरण हल्ली सरसकट मांडले जाते, ते आम्हांस मान्य नाही. याच रिठ्याचा गर डोहात टाकून मासे गुंगवून धरण्याची रीत अनेक ठिकाणी होती. म्हणजे मोठ्या प्रमाणात तोही मारकच. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर चांगलीच आग होते. वापरलेले पाणी नाल्यात सोडण्यापेक्षा परसातील मातीत जिरवावे; तिथे त्याचे विघटन होते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याची टूमही अशीच. बुडबुडे पाहून मन सुखावते, पण आम्ल आणि अल्क एकमेकांस निष्प्रभ करतात आणि हाती उरते ते बव्हंशी खारे पाणी. वेगवेगळे वापरले तर दोन्ही उपयोगी. ब्लीचिंग पावडरीत आम्ल मिसळणे तर थेट प्राणावर बेतणारे आहे, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो.

याहून मोठी अडचण आम्हांस निराळीच वाटते. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावोगावचे रस्ते झाडले, ते स्वतः खराटा हाती घेऊन. स्वच्छतेचा उपदेश करण्यापूर्वी तिचे कष्ट त्यांनी आपल्या अंगावर घेतले. आपल्या घरांत नेमके उलट घडते. नदीच्या काळजीने घरात राख आणि रिठा येतो, आणि घासण्याचे श्रम मात्र पत्नीच्या, सुनेच्या अथवा धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मनगटांवर पडतात. राखेने त्यांचे हात कोरडे पडून भेगाळतात. पावडरीने दोन मिनिटांत निघणारी कढई पंधरा मिनिटे घासावी लागते, आणि त्या वाढीव वेळेचे पैसे कुणी देत नाही. नदीवरचा भार उचलून तो घरातल्या दुर्बळाच्या हातांवर ठेवणे, ही कसली शुद्धी? मजुरी न वाढवता घरची पावडर बंद करणाऱ्याने आपल्या पर्यावरणप्रेमाचा हिशेब पुन्हा मांडावा.

म्हणून ज्या घरात हा बदल करायचा असेल तेथे आरंभ पुरुषांनी करावा. शनिवारी रात्री रिठे त्यांनीच फोडावेत, रविवारी उकळून गाळावेत, आणि त्या दिवशीची जळकी कढई त्याच पाण्याने स्वतः घासावी. वाळलेल्या रिठ्याची बी सुटी करताना नखे दुखतात.