दुसऱ्याचे प्रारब्ध

कीर्तनकाराच्या तोंडून एखादा अस्थानी शब्द गेला तर तो टाळमृदंगाच्या गजरात विरून जातो, असे पुष्कळांना वाटते. पण तो विरत नाही. ज्याच्या जखमेवर पडतो त्याला तो झोंबत राहतो, आणि बुवा मात्र नारळ-उपरणे घेऊन पुढच्या गावी निघून जातात. आमच्या हातून असा एक प्रमाद घडला. तो आपल्यापुढे उघड करावा आणि त्यानिमित्त चार शब्द विचाराचे लिहावे, एवढ्यासाठीच लेखणी हाती घेतली आहे.

कोकणावर लागोपाठ दोन वर्षे जे गुदरले ते आपल्या स्मरणात असेलच. सन २०२० च्या ३ जूनला ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले. रायगडात आणि दापोली-मंडणगडाकडे घरांची कौले-पत्रे उडाली, आज्या-पणज्यांनी लावलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ किनारा झोडपून गेले. लोक कसेबसे सावरतात तोच २२ जुलै २०२१ चा महापूर आला. त्या सुमारास महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सावित्री उगम पावते तीही तेथेच. ती महाडात शिरली. तिकडे वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली.

आता यातल्या तिथी पाहा. ‘निसर्ग’ आले तो निर्जला एकादशीचा दुसरा दिवस. महापूर आला तो आषाढी एकादशीपासून तिसरा दिवस. दोन्ही वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एस. टी. च्या गाड्यांतून पंढरीला गेल्या. पण घरोघर उपवास झाले, हरिपाठ झाला. ज्याने एकादशी केली त्याचेही छप्पर उडाले, ज्याने कधी टाळ हाती धरला नाही त्याचेही उडाले. मग माणूस विचारणारच, की हे कशाचे फळ?

त्या साली कार्तिकात महाड तालुक्यातील एका गावी आमची कीर्तनसेवा होती. पुराला चार महिने लोटले होते, तरी देवळाच्या भिंतीवर गाळाची रेघ आमच्या खांद्याच्या वर स्पष्ट दिसत होती. मंडळी थोडी. आम्ही निरूपणाला कर्मविपाक घेतला. संचित, प्रारब्ध, क्रियमाण यांची फोड केली, आधिदैविक ताप म्हणजे काय ते सांगितले, आणि शेवटी म्हणालो, “जे भोगायचे ते भोगूनच सरते, प्रारब्ध कोणाला चुकले नाही.” माना हलल्या. आम्हांला वाटले, सेवा रुजू झाली.

आरती झाल्यावर सत्तरीच्या पुढची एक माउली जवळ आली. गळ्यात माळ. म्हणाली, “बुवा, कीर्तन गोड झालं. एक सांगू का? राग धरू नका. त्या रात्री पाणी चढलं तसे आम्ही माळ्यावर चढलो. गोठ्यात दोन गायी दाव्याला बांधलेल्या. दावं कापायला मुलगा उतरत होता, तर पाणी छातीला. मीच त्याला मागं ओढला. पहाटेपर्यंत त्या हंबरत होत्या, मग थांबल्या. तुम्ही म्हणता हे माझं प्रारब्ध. असेल बाबा, तुम्ही शिकलेले. पण तुम्ही तसं म्हटल्यापासून मला रडायची लाज वाटायला लागली.”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही तिच्या पायांवर डोके ठेवले, तिने आमच्या. आणि ती काठी टेकीत निघून गेली. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. लहानपणापासून पाठशाळेत शास्त्र घोकले, चाळीस वर्षे ते लोकांना सांगितले, आणि त्याच शास्त्राने एका म्हातारीचे रडणे बंद केले! मग चूक शास्त्राची की आमची?

विचार करता असे दिसले की शास्त्र खरे, पण आम्ही ते चुकीच्या माणसाकडे तोंड करून सांगितले. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रश्न आला आहे. जगात एक सुखी, एक दुःखी. तेव्हा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो, असा आक्षेप. वैषम्य आणि नैर्घृण्य हे ते दोन दोष. उत्तर असे, की ईश्वर जीवांच्या कर्माकडे पाहून फळ देतो, म्हणून दोष त्याला लागत नाही. उत्तर योग्यच आहे. पण ते ईश्वरावरचा आरोप दूर करण्यासाठी दिलेले आहे. तेच उचलून पुरात बुडालेल्या शेजाऱ्यावर आरोप म्हणून ठेवणे, हे वकिलाने आपले अशील सोडवता सोडवता वाटेने जाणाऱ्यास फाशी देवविण्यासारखे झाले. कर्माची गती कळायला कठीण असे भगवंतांनीच गीतेत सांगितले असता, अमक्याचे घर अमक्या पापाने बुडाले असा हिशेब करणारे आपण कोण? चित्रगुप्ताची वही आपल्या हाती कोणी दिली?

मग प्रारब्ध हा शब्द टाकून द्यावा काय? नाही. तो स्वतःपुरता वापरावा. आपले स्वतःचे छप्पर उडाले असता माणूस म्हणाला, “माझ्या वाट्याला हे होते,” तर त्या शब्दाने त्याला धीर येतो, दैवाशी भांडत बसण्यातली शक्ती वाचते, तो पुन्हा वासे उभारू लागतो. त्या माउलीने आपण होऊन तो शब्द उच्चारला असता तर आम्ही हात जोडून ऐकला असता. पण दुसऱ्याचे प्रारब्ध आपल्याला दिसत नाही. त्याच्या दुःखापुढे उभे राहिले असता दिसायचे ते आपले क्रियमाण, म्हणजे या घटकेला आपण काय करतो ते. मंगळवेढ्यास दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारे उघडली, ती भुकेल्यांचे पूर्वजन्म तपासून नव्हे. देहूस तुकोबारायांनी दुष्काळात बायको-मूल गमावले, आणि लोकांकडून येणे असलेल्या कर्जाच्या आपल्या वाट्याच्या खतपत्रांना इंद्रायणीत सोडले. स्वतःचे दुःख त्यांनी पचवले, आणि दुसऱ्याचे ओझे हलके केले. क्रम हा असा आहे. आम्ही तो नेमका उलटा केला होता.

कोणी म्हणेल, दुसऱ्याचे भोग त्याला भोगू द्यावे, मध्ये पडू नये. असे म्हणणारा स्वतःला ताप आला की वैद्याकडे जातो ना? मग शेजाऱ्याच्या वेळीच शास्त्र का आठवते?

आणखी एक. सगळाच पूर आकाशातून येत नाही. नदीत गाळ साचू दिला, पात्रात भराव घातला, डोंगर पोखरले, ओढे बुजवले. यातले काही आपल्या डोळ्यांदेखत झाले. अरबी समुद्राचे पाणी तापते आहे आणि तीव्र वादळे वाढत आहेत असे हवामानशास्त्रज्ञ सांगतात, त्यातही माणसाचा हात आहे. याला मागच्या जन्मीचे म्हणून नमस्कार करणे म्हणजे चालू जन्मातील कर्तव्य टाळणे होय. आणि गंमत अशी, की भराव एकाने घालावा आणि पाणी दुसऱ्याच्याच गोठ्यात शिरावे. तेथे बुडणाऱ्याला कर्माचा सिद्धांत सांगणे तर उघड अन्यायच.

रडण्याविषयीही बोलले पाहिजे. भक्ताने रडू नये, देवाला जाब विचारू नये, असे आपल्या पंथात कोठे आहे? नामदेवराय देवाशी भांडले, जनाबाईने तर विठोबाला शिव्या दिल्या, आणि तेच आपण प्रेमाने गातो. ज्याच्याशी नाते असते त्याच्याशीच माणूस भांडतो. तेव्हा संकटग्रस्ताच्या घरी गेलो तर आधी बसावे, ऐकावे. निरूपण नंतर.

आता करायचे काय? पूर ओसरला की पहिल्या पंधरवड्यात मदत पुष्कळ येते. धान्य येते, चादरी येतात, तरुण मंडळी फावडी घेऊन घराघरांतला चिखल काढतात. त्यांना धन्यवाद असोत. पण पुढे? नारळाचे रोप लावले तर फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, पोफळीलाही तितकीच. शेतात बसलेला गाळ एका हंगामात निघत नाही. रात्री पावसाचा जोर वाढला की लेकरे दचकून उठतात, ते तर कित्येक वर्षे चालते. येथे वारकऱ्याजवळचा एक गुण कामास येतो. आपला धर्म एकदा पंढरी पाहून येण्याचा नाही. दरसाल जाण्याचा आहे. नेम हेच आपले बळ. तोच नेम बुडालेल्या एखाद्या गावाशी लावावा. प्रत्येक दिंडीने एक गाव धरावे, आणि वर्तमानपत्रे विसरली तरी दरसाल तेथे जावे. कोणी रोपे न्यावी, कोणी बियाणे, कोणी नुसती विचारपूस. नुसती विचारपूसही लहान नव्हे.

पुढच्या कार्तिकात आम्ही त्या गावी पुन्हा गेलो. माउली भेटली. गोठ्यात कोणी दिलेली एक कालवड होती. तिच्या गळ्यात दावे नव्हते. आम्ही विचारले तर म्हणाली, “बांधवत नाही बुवा.” आणि रडू लागली. आम्ही काही बोललो नाही; गोठ्याच्या उंबऱ्याशी तिच्याजवळ बसून राहिलो. त्या रात्री निरूपणाला विषय दयेचा घेतला, आणि मागच्या वर्षीच्या शब्दाबद्दल श्रोत्यांची उभ्याने क्षमा मागितली.

तरी कीर्तनकार बंधूंस आणि सर्व माळकरी मंडळींस आमची हात जोडून विनंती, की प्रारब्ध हा शब्द तोंडातून काढण्यापूर्वी समोर कोण बसले आहे ते एकदा पाहावे. रामकृष्णहरि.