भिंतीवरील नकाशा

वाशीम येथील आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांच्या घरीं नुकताच एक वाद उपस्थित झाला आणि निवाड्यासाठीं तो आमच्याकडे आला. त्यांचे चिरंजीव आमचे जुने विद्यार्थी, त्यामुळें कोणा एकाची बाजू घेणें आम्हांला सोपें नव्हतें. निवाडा आम्हांला नीटसा देतां आला नाहीं हें प्रथमच सांगून टाकतों. परंतु वादाचा विषय असा आहे कीं तो एका घराच्या चार भिंतींत राहूं नये.

चिरंजीवांनीं जुन्या पुस्तकांच्या एका दुकानांतून 'इंडियन अ‍ॅटलस' या नकाशासंग्रहाचें एक सुटें पान विकत आणलें. एका इंचास चार मैल या प्रमाणाचा हा संग्रह १८२७ पासून लंडनमध्यें तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापला जाऊं लागला. या पानावर 'बासीम' आहे, पैनगंगेचीं वळणें आहेत, डोंगर बारीक रेघांच्या झालरींनीं उठविले आहेत. काचेंत बसवून तें बैठकींत लावावयाचें असें चिरंजीवांनीं ठरविलें. वडिलांनीं खिळा ठोकूं दिला नाहीं. "ज्या भिंतीवर आपले वाडवडील आहेत, तिच्यावर आपल्या दास्याचें खत मी लावूं देणार नाहीं," एवढेंच ते बोलले आणि पूजेस उठून गेले.

चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, खत असो वा काहीं असो, तें खरें आहे. डोंगर जेथें आहे तेथेंच तो दाखविला आहे. हें म्हणणें आम्हांला हलकें वाटत नाहीं. १८०२ सालीं मद्रासजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्टननें त्रिकोणांची जी साखळी उत्तरेकडे ओढण्यास आरंभ केला, ती वऱ्हाडांतून पुढें गेली. लॅम्टन स्वतः वीस वर्षें त्या साखळीमागें चालला आणि १८२३ च्या जानेवारींत हिंगणघाट येथें मरण पावला. पुढील काम जॉर्ज एव्हरेस्टनें उचललें. अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचें थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून डोंगरमाथ्यांवर चढविलें जात असे. मोजणीच्या आंकड्यांवरून मग लंडनमधील कारागीर पत्रा कोरीत असे, आणि तोही उलटा. पूर्वेकडे वाहणारी पैनगंगा त्या पत्र्यावर पश्चिमेकडे वाहते आणि गांवांचीं नांवें आरशांतल्यासारखीं उमटतात. वाशीमचें पद्मतीर्थ ज्यानें जन्मांत पाहिलें नाहीं, अशा माणसानें इतक्या निगुतीनें आमचे ओढेनाले कोरावेत, या श्रमापुढें मान लववावीशी वाटते. आम्ही भिंग घेऊन तें पान अर्धा तास पाहत होतों, आणि त्या अर्ध्या तासांत आमच्या मनांत राजकारण आलें नाहीं हें कबूल केलें पाहिजे.

पण तें वडिलांच्या मनांत आलें, आणि त्यास कारण आहे. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हातीं दिलें. वाशीमच्या दक्षिणेस पैनगंगा हीच मग दोन राज्यांची सीमा झाली. पलीकडचा तीर 'मोगलाई'. स्नेह्यांच्या आजीचें माहेर मोगलाईंत होतें. नदी तीच, बोली तीच, देव तेच. परंतु बाळंतपणास माहेरीं जाणें हें परराज्यांत जाणें झालें होतें. नकाशानें ही रेघ निर्माण केली असें नव्हे. परंतु जेव्हां दूर बसलेल्या दोन सत्तांना मुलूख वांटून घ्यावयाचा होता तेव्हां नदी कोठें वळते हें त्यांना ठाऊक होतें, आणि तें ठाऊक असणें याच कारागिरीचें फळ. (पुढें १९०५ त बासीम जिल्हाच मोडून अकोला व यवतमाळ यांत वांटला गेला आणि १ जुलै १९९८ रोजीं वाशीम म्हणून पुन्हां वेगळा झाला. पैनगंगेनें यांतील कशाचीच दखल घेतली नाहीं.)

तेव्हां प्रश्न असा: ज्याच्या हेतूंत सत्ता आणि सारा होता, त्यानें मिळविलेलें सत्य आपण मानानें घरांत घ्यावें काय?

घेऊं नये, असें म्हणण्यापूर्वीं आम्ही वडिलांना त्यांच्याच गांवच्या दुसऱ्या एका तांब्याच्या पत्र्याची आठवण दिली. १९३९ त वाशीम येथें वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट मिळाला. वत्सगुल्म म्हणजेच वाशीम ही त्याची राजधानी. नांदेडकडील एक गांव दान दिल्याचें, आणि त्या गांवास कोणकोणत्या करांची व त्रासांची माफी आहे याचें, त्यांत वर्णन आहे. तोही सत्तेचाच कागद, किंबहुना तांबें. गांव देतांना गांवकऱ्यांना कोणीं विचारलें होतें? तरी त्याचें नांव निघालें कीं आमचे स्नेही अभिमानानें ताठ बसतात. मग दोष परकेपणाचा म्हणावा काय? बव्हेरियाचा ड्यूक पांचवा आल्ब्रेख्त यानें फिलिप आपियान या पंडिताकडून आपला सारा प्रदेश मोजवून घेतला आणि १५६८ त तो चोवीस पानांत लाकडी ठशांवरून छापला गेला. तो स्वकीयांचा नकाशा. परंतु तेथील कुणब्याला तरी त्यांत काय विचारलें गेलें असेल?

वडील हंसून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, ताम्रपटांत राजाची वंशावळ आहे ती संस्कृतांत, पण माफीची गोष्ट निघाली कीं भाषा प्राकृत होते. कां? तर ज्यांच्यावर ती चालावयाची त्यांना कळावी म्हणून. तुमच्या या पानावरचें एक अक्षर तरी माझ्या पणज्याला वाचतां आलें असतें काय?"

यावर आम्हांला उत्तर सुचलें नाहीं, आणि अजूनहि सुचलेलें नाहीं. हेतु मलिन म्हणून सत्य मलिन होतें, हें आम्हांला मान्य नाहीं; तसें मानलें तर मानवी ज्ञानांतील फारच थोडें शुद्ध उरेल. परंतु ज्याच्याविषयीं जाणलें त्यालाच तें जाणणें कळूं न देणें, हा एक निराळाच अन्याय आहे, आणि तो आंकडे बरोबर असल्यानें कमी होत नाहीं. त्याची पुढची पायरी म्हणजे राबणाऱ्यांचीं नांवें गाळणें. खांद्यावर यंत्र वाहणारे, साखळी धरणारे, निशाण घेऊन माथ्यावर उभे राहणारे, जंगलांतील तापानें मेलेले, यांपैकीं कोणाचें नांव पानावर आहे? विद्वानाचीहि तीच गत. मोजणी खात्याचे श्रेष्ठ गणिती राधानाथ सिकदार यांचा खात्याच्या मार्गदर्शक ग्रंथांतील कृतज्ञ उल्लेख, त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या १८७५ च्या आवृत्तींतून काढून टाकण्यांत आला. या गोष्टीनें तेव्हां कांहीं इंग्रज माणसेंहि चिडलीं, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

हें सारें आम्ही चिरंजीवांस सांगितलें तेव्हां ते जरा हिरमुसले. शेवटीं त्यांनीं एक युक्ति काढली. पानाची मोठी प्रत काढवून ती त्यांनीं वडिलांसमोर ठेवली आणि हातीं पेन्सिल दिली. दोन दिवस वडिलांनीं तिच्याकडे पाहिलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं चष्मा लावला आणि पैनगंगेपलीकडे आजीच्या माहेरीं एक टिंब काढलें. मग एक बारव, म्हसोबाचा दगड, आणि बंजाऱ्यांचा एक तांडा, जो दर दोन-चार वर्षांनीं जागा बदलीत असे व म्हणून कोणत्याच नकाशांत बसत नसे; त्याच्यासाठीं त्यांनीं तीन टिंबें काढलीं.

मूळ पान अद्याप भिंतीवर गेलेलें नाहीं. कपाटाला टेकून उभें आहे. आम्ही परवां गेलों तेव्हां पितापुत्र प्रतीवर ओणवे होऊन एका ओढ्याच्या नांवावरून भांडत होते. इंग्रजी अक्षरांवरून एक नांव निघत होतें आणि वडिलांच्या आठवणींत दुसरेंच होतें. आम्हांला चहा विचारण्याचेंहि त्यांना सुचलें नाहीं.