भिंतीतला समुद्र

चिरनेरच्या आमच्या भाच्याने दिवाणखान्याच्या भिंतीत हजार लिटरचा समुद्र बसवायचा घाट घातला. खरा समुद्र पलीकडे उरणला फुकट पसरलेला. तरी लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे ३५ किलो मीठ विकत आणायचं!

"मामा, आत जिवंत प्रवाळही ठेवणार."

"बाबा, २००१ साली प्रवाळ कायद्याने वाघाच्या यादीत गेलं. त्यापेक्षा वाघच पाळ!"

"पण मला आवडतं ना!"

इथेच घोडं अडतं. आवडलं की आपलं? १९३० साली याच गावाने रानावरच्या सर्वांच्या हक्कासाठी गोळ्या झेलल्या. आणि समुद्र एकट्याच्या भिंतीत? आम्ही बँकवाले रोज लाखो मोजतो. नोटा सगळ्याच आवडतात. घरी एकही नेत नाही. प्रेमाची याहून कडक परीक्षा मला तरी ठाऊक नाही.