चषक आणि मान

भाताची कापणी आटोपली म्हणजे ठाणे व रायगड जिल्ह्यांतील गांवोगांवीं क्रिकेटच्या सामन्यांस रंग चढतो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशीं असलेलें महापे हें गांव ह्याच पट्ट्यांत येतें. हे सामने कोणी सरकारी मंडळ भरवीत नाहीं. गांवचे तरुण वर्गणी जमवितात, मैदान सारखें करितात, टेनिसच्या चेंडूनें खेळ होतो, आणि शेवटीं मेजावर मांडलेले चषक वांटले जातात : विजयी संघास एक, उपविजेत्यांस एक, उत्कृष्ट फलंदाजास, उत्कृष्ट गोलंदाजास व मालिकावीरास एकेक. अशा चषकाचा आनंद मानणें ख्रिस्ती मनुष्यास शोभतें काय? कीं तो जगाचा पोकळ अभिमान आहे? ह्या प्रश्नाचा थोडा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

चषकाची किंमत पाहूं गेलें तर ती फार नाहीं. पातळ पत्रा, त्यावर सोनेरी मुलामा व खालीं एक बैठक, एवढेंच त्याचें अंग. तरी तो घरांत उंच जागीं ठेवितात, त्यावरील धूळ पुसतात व आल्यागेल्यास दाखवितात. ह्यावरून उघड होतें कीं त्याची गोडी धातूंत नाहीं. चार लोकांदेखत आपलें नांव पुकारलें गेलें, ह्यांत ती गोडी आहे.

महाप्यासारख्या गांवीं ही गोष्ट विशेष ध्यानांत येते. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पुढें ह्या भागांत त्याची मोठी वसाहत उभी राहिली. भातशेतें गेलीं, कारखाने व कचेऱ्या आल्या. ज्या आजोबास सारा गांव त्याच्या शेतावरून ओळखी, त्याचा नातू आज फाटकावर ओळखपत्र दाखवून कामावर जातो, आणि दिवसभरांत त्यास नांवानें हांक मारणारा कदाचित् कोणी भेटत नाहीं. मैदानावर मात्र त्याचें नांव ध्वनिक्षेपकावरून साऱ्या गांवास ऐकूं येतें. ही भूक देवानें मनुष्याच्या ठायीं ठेविलेली आहे. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नांवानें हांक मारतो, असें प्रभूनें स्वतः सांगितलें. म्हणून नांव घेतलें गेल्याचा आनंद हें पाप आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. करिंथ शहराजवळ धांवण्याच्या व कुस्तीच्या शर्यती होत आणि विजयी गड्यास पानांचा मुगुट मिळे. पौलानें त्या गड्यांस दोष दिला नाहीं. त्यांच्या संयमापासून विश्वासणाऱ्यांनीं धडा घ्यावा, असें त्यानें लिहिलें. मात्र तो मुगुट कोमेजणारा आहे, ह्याचीही आठवण दिली.

परंतु ह्या आनंदास दोन मुळें आहेत. इंग्रजींतील ट्रॉफी हा शब्द मूळचा ग्रीक आहे. जेथें शत्रु पाठ फिरवून पळाला, तेथें खांब रोवून त्यावर त्याचीं शस्त्रें टांगीत असत, त्या खुणेचें तें नांव. म्हणजे दुसरा हरला, हाच तेथें आनंद. आपला चषक हा शब्द निराळा आहे. चषक म्हणजे पिण्याचें पात्र, आणि पात्र एकाहून अधिकांच्या हातीं फिरूं शकतें. आपण जिंकतों तेव्हां दोन्ही मुळें मनांत असतात. एक म्हणतें, तो खालीं गेला म्हणून मी वर आलों. दुसरें म्हणतें, मला मिळालें, तें आतां सर्वांनीं वांटून घेऊं. ह्यांपैकीं कोणत्या मुळास आपण पाणी घालतों, हें प्रत्येकानें तपासून पाहावें.

महाराष्ट्राच्या क्रिकेटच्या इतिहासांत ह्याचें एक बोलकें उदाहरण आहे. पळवणकर बाळू हे अस्पृश्य मानलेल्या चर्मकार समाजांत जन्मले. त्यांच्यासारखा डावखुरा गोलंदाज त्या काळीं देशांत क्वचितच होता. १९०६ सालीं मुंबईंत हिंदूंच्या संघानें गोऱ्यांच्या संघास हरविलें, त्या संघांत ते होते. १९११ सालीं इंग्लंडांत गेलेल्या हिंदी संघांतून खेळून त्यांनीं शंभरावर बळी घेतले. परंतु त्याआधीं पुण्यास असतां, मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू हातीं घेणारे सोबती चहाच्या वेळीं आंत बसत, आणि बाळूंस बाहेर, मातीच्या निराळ्या पात्रांत चहा मिळे. कर्णधारपद त्यांस मिळालें नाहीं. त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल ह्यांस तें १९२३ सालीं मिळालें, आणि त्या वर्षीं चौरंगी सामन्यांत हिंदूंचा संघ विजयी झाला. ज्याच्यामुळें जय मिळतो त्याची टाळ्यांनीं वाहवा करणें सोपें आहे. त्यास आपल्या पात्रांतून पाजणें कठीण आहे.

वाचकहो, आपल्यांपैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस त्या निराळ्या पात्राची ओळख होती. म्हणून आपण इतरांहून अधिक सावध असावें. सणाच्या सभेंत हार कोणास घालतों? पाठांतराच्या परीक्षेचें बक्षीस वांटतांना कोणाच्या मुलांचीं नांवें मोठ्यानें वाचतों? देऊळ झाडणारी विधवा, दूरच्या पाड्यावर वर्षानुवर्षें मुलांस अक्षर शिकविणारा उपदेशक, आजाऱ्याजवळ रात्र काढणारा भाऊ, ह्यांचें नांव मंडळीसमोर शेवटचें केव्हां घेतलें गेलें? ज्या मंडळींत नांवाची भूक भागत नाहीं, तेथील मनुष्य ती भागविण्यास बाहेर जातो. मग त्यास बोल लावण्यांत काय अर्थ?

याकोब व योहान ह्यांनीं प्रभूजवळ मानाच्या जागा मागितल्या. मान मागितला म्हणून त्यानें त्यांस हांकून दिलें नाहीं. मी पिणार तो प्याला तुम्हांस पिववेल काय, एवढेंच त्यानें विचारिलें. त्याच्या राज्यांत पहिला होऊं इच्छिणाऱ्यानें सर्वांचा सेवक व्हावें, असेंही सांगितलें. आजही प्रभुभोजनाच्या वेळीं प्याला हातोहात फिरतो. तेथें पहिला नाहीं, उपविजेता नाहीं, आणि कोणासाठीं मातीचें निराळें पात्र नाहीं.

मग खेळ व बक्षिसें बंद करावींत काय? मुळींच नाहीं. तरुणांनीं खेळावें, जिंकावें, आणि चषक घरीं आणून आईच्या हातीं द्यावा. फक्त जिंकणाऱ्यानें आधीं हरलेल्याचा हात धरावा, आणि ज्या सोबत्याच्या झेलावर सामना फिरला त्याचें नांव स्वतःच्या तोंडानें घ्यावें. पौलानें रोमकरांस एका चढाओढीची आज्ञा केली आहे, ती एकमेकांस मान देण्याची. त्या शर्यतींत एक जिंकल्यानें दुसरा हरत नाहीं, आणि धांवण्यास मैदान लागत नाहीं. आपल्या गांवच्या छोट्या मंडळींत ती ह्याच रविवारीं सुरू होवो, अशी आमची प्रार्थना आहे.