आसनाआधीची पायरी

महाडच्या अलीकडे, मुंबई-गोवा महामार्गालगतच्या गांधारपाले गावामागे तीसेक बौद्ध लेणी आहेत. पहिल्या लेण्यात भिक्खूंच्या खोल्या दिसतात. ध्यानाचीच ही जागा, पण तिथला ब्राह्मी शिलालेख ध्यानाबद्दल अवाक्षर काढत नाही. कुमार कानभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, पाण्याची दोन टाकी आणि वाट दान केली, एवढाच हिशेब त्यात आहे.

आज योग म्हणजे आसन, फार तर ‘श्वासाकडे लक्ष द्या’. पतंजलींच्या जेमतेम दोनशे योगसूत्रांत आसनाच्या वाट्याला तीन आली आहेत. आठ अंगांत ध्यान सातवे. सुरुवात होते ती अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह या यमांपासून, आणि त्यांना जाती, देश, काळ, प्रसंग यांची सवलत नाही; तसे पाळले तरच ते महाव्रत. या सूत्रांवरच्या व्यासभाष्यातला मासेमार मासे सोडून कोणाला मारत नाही. तेवढ्याने त्याचे महाव्रत होत नाही. शुचिता येते त्यानंतर, ‘नियम’ या दुसऱ्या अंगात.

महाडात हा क्रम उलटा लागला. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तळ्याचे पाणी प्याले. नंतर मंडपात जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून, मंत्र म्हणत तळे ‘शुद्ध’ केले गेले. शुचितेत कसर नव्हती. अहिंसेचे तेवढे राहून गेले!

त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडला आले, तेव्हा जवळची बौद्धकालीन लेणी पाहायला गेले. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. भिक्खूंचे अपरिग्रही, लोकसेवेचे जगणे सहकाऱ्यांना सांगता सांगता ते भारावले. इथल्या दगडी आसनांवर कधीकाळी भिक्खू बसले असतील, म्हणून तुम्ही त्यांवर बसू नका, असे त्यांनी सोबतच्यांना विनवले. तळ्यावरच्या हक्काचा दावा तेव्हा कोर्टात होता. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी.

महाडशेजारच्या पोलादपूरच्या डोंगरवाड्या आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. योगदिनाच्या चटया पसरणाऱ्यांनी त्या शिलालेखातली दोन टाकी आणि वाट एकदा वाचायला हरकत नाही.