कोणत्या बोलण्याला काय म्हणावं

धर्माच्या नावाने कुणी विखारी बोललं की बातमीत ठरलेले शब्द येतात : ‘वादग्रस्त वक्तव्य’. या शब्दांतून काहीच कळत नाही. देवाची टवाळी केली, की शेजाऱ्याला गावातून हाकलून लावा म्हटलं? दोन्ही एकाच मापाने मोजली जातात.

कायद्याला हा फरक टप्प्याटप्प्याने उमगला. १८९८ मध्ये दंड संहितेत आलेल्या कलम १५३-अ चा रोख दोन समाजांत वैर पेटवणाऱ्यांवर होता. लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ या पैगंबरांवरच्या पुस्तिकेच्या प्रकरणात प्रकाशक त्याखाली दोषी ठरेना, तेव्हा १९२७ मध्ये धर्माच्या अवमानासाठी २९५-अ आलं. पुढे १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, मुद्दाम आणि द्वेषबुद्धीने केलेला अवमानच त्यात मोडतो. श्रद्धेवर बोलणं निराळं आणि माणसांवर लोक सोडणं निराळं. आजच्या न्याय संहितेतही अवमानाचं २९९ आणि वैर पेटवण्याचं १९६ ही कलमं वेगळीच आहेत.

नांदेड-लातूरकडच्या माणसाला हा फरक आपल्याच इतिहासात सापडतो. हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बहादूर यार जंग यांनी इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेला जो विचार दिला, त्यानुसार संस्थानातली सत्ता एकट्या निजामाची नव्हती, साऱ्या मुस्लिम जमातीची होती. प्रजा बहुसंख्येने हिंदू असताना हा दावा अन्यायाचाच होता. त्याला वर्चस्ववादी म्हणावं. १९४४ मध्ये ते वारले. १९४६ मध्ये लातूरचे वकील कासिम रझवी संघटनेचे अध्यक्ष झाले आणि दाव्याची धमकी झाली. पाठीशी संघटनेचे हत्यारबंद रझाकार असलेला पुढारी धमकावतो, तेव्हा ती चिथावणी असते. या दोघांना सरसकट ‘कट्टर’ म्हटलं, तर विचार हिंसेपर्यंत कसा घसरत गेला तेच झाकलं जातं. शिवाय ‘कट्टर’ हा शब्द आता लोक बॅनरवर स्वतःच अभिमानाने लावतात.

मला त्याहून घातक वाटतं ते बोलणाऱ्याच्या जागी त्याची जमात ठेवणं. रझवींची भाषा म्हणजे मुसलमानांची भाषा, असं मानलं तर शोएबुल्ला खान कुठे बसवायचे? ‘इमरोज’चे हे तरुण संपादक रझाकारांविरुद्ध आणि भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. त्यांचं नाव मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत शिकवलं गेलं पाहिजे.

पोलीस ॲक्शनने, म्हणजे भारतीय फौजेच्या कारवाईने, संस्थान भारतात आल्यावर झालेल्या हिंसेची चौकशी करत सुंदरलाल समिती फिरली. तिच्या अंदाजाने २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होता. लातूर तेव्हा ज्या जिल्ह्यात होतं, तो उस्मानाबादही होता. मेलेले प्रामुख्याने मुसलमान होते, आणि ते सगळे काही रझाकार नव्हते. आधी रझाकारांनी हिंदू गावं लुटली-जाळली होती, हेही तितकंच खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

‘रझाकार’ म्हणजे मूळचा स्वयंसेवक. आमच्या नायगाव-बिलोलीकडे त्याला लुटारूचा अर्थ आला तो सोसण्यातून, त्यामुळे तो कुणी नाकारू नये. पण १९४८ नंतर जन्मलेल्या शेजाऱ्याला, केवळ तो मुसलमान आहे म्हणून, सभेत कुणी ‘रझाकार’ म्हणालं, तर त्याला इतिहासाचा दाखला म्हणता येणार नाही. ते द्वेषाचं भाषण आहे. बातमीत तसंच छापावं, आणि खाली बोलणाऱ्याचं नाव द्यावं.